‘मी’ कोण आणि ‘मी’ कुठे? – नीळकंठशास्त्री नहेम्या गोऱ्हे यांची जीवनकथा



नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना आहे. २ तारखेला आपण कबरस्तानात जातो, कबरींवरचे गवत काढतो, फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करतो. अशा वेळी मनात एक प्रश्न येतोच. ज्या आईला, ज्या बाबांना आपण या मातीत ठेवले, ते खरोखर कुठे आहेत? शरीर तर मातीला मिळाले. मग ज्यांना आपण हाक मारत होतो, ते कोण होते? हाच प्रश्न स्वतःला विचारला तर तो अधिकच अवघड होतो. मी मी म्हणतो तो ‘मी’ कोण? माझे हातपाय, माझे नाव, माझी जात, माझे शेत, माझे शिक्षण, की या सगळ्यांहून वेगळे काही? आणि तो ‘मी’ राहतो तरी कुठे?

आपल्या बोलण्यात याचे उत्तर ठिकठिकाणी विखुरलेले आहे. आपण कोणाला जीव लावतो, कोणासाठी आपला जीव तुटतो, घाबरलो की जीव मुठीत धरतो आणि संकट टळले की जीव भांड्यात पडतो. हा जीव कधी मुठीत तर कधी भांड्यात! भाषेतली ही गंमत आहे. पण तिच्यामागे हजारो वर्षांचा विचार आहे. आपल्या देशातील ऋषी, पंडित आणि संत या एका प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा आलेले आहेत.

एका मराठी माणसाने या प्रश्नापायी आपले सारे आयुष्य पणाला लावले. त्यांचे नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे, बाप्तिस्म्यानंतरचे नाव नहेम्या. २९ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. पण पंडिता रमाबाईंची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याने फादर गोऱ्हे हे नाव कधीतरी ऐकलेले असते. मृतांच्या महिन्याच्या उंबरठ्यावर त्यांची ओळख करून घेणे आपल्याला उपयोगाचे ठरेल.

काशीतील मराठी घर

नीळकंठ यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीकडील काशीपुरा या गावी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. पेशवाईच्या काळात अनेक मराठी कुटुंबे उत्तरेत गेली आणि तिकडेच राहिली. गोऱ्ह्यांचे घर त्यांपैकीच एक. आजोबा बांद्याच्या नवाबाकडे मोठ्या हुद्द्यावर होते. हे बांद्याचे नवाब म्हणजे थोरल्या बाजीरावांचे मस्तानीकडील वंशज. पुढे हे कुटुंब काशीला, म्हणजे बनारसला स्थायिक झाले.

काशी म्हणजे त्या काळचे विद्येचे माहेरघर. घरात पैशाची ददात नव्हती आणि वातावरण धार्मिक होते. नीळकंठ यांनी इंग्रजी शाळेचा रस्ता धरला नाही. ते संस्कृत शिकले. व्याकरण, न्याय, वेदान्त यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. लहानपणीच त्यांच्या हातात ‘मी कोण’ हा प्रश्न आला, तो शास्त्राच्या रूपाने. आत्मा केवढा, तो एक की अनेक, सुखदुःख त्याला होते की मनाला, तो देवाहून वेगळा की देवच, यांवर काशीच्या पंडितांमध्ये रोज वाद झडत. विशीच्या आतच हा तरुण त्या वादांत तरबेज झाला.

खंडन करायला गेले आणि विचारात पडले

त्या वेळी काशीच्या बाजारात विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी उपदेश करीत. नीळकंठ यांना ते पटत नसे. हा परदेशी माणूस आपल्या धर्माविषयी लोकांची दिशाभूल करतो, त्याला गप्प करावे, या हेतूने ते त्यांच्याकडे जाऊ लागले. याच सुमारास जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत पंडिताने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. त्याला तीन भारतीय पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली. त्यांतील एक उत्तर नीळकंठ गोऱ्हे यांचे होते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे त्या ग्रंथाचे नाव. तो लिहिला तेव्हा त्यांचे वय एकोणीस-वीस वर्षांचे होते.

म्हणजे ज्या धर्माचा त्यांनी पुढे स्वीकार केला, त्या धर्माविरुद्ध त्यांनी आधी ग्रंथ लिहिला होता. संत पौलाची आठवण व्हावी अशी ही गोष्ट आहे. फरक एवढाच, की पौलाला दिमिष्काच्या वाटेवर एका क्षणात प्रकाश दिसला. नीळकंठ यांना मात्र तो थोडा थोडा, वादावादीतून, रात्ररात्र जागून दिसत गेला. विरोधासाठी बायबल वाचता वाचता ते स्वतःच्या पक्षाकडेही त्याच कठोरपणे पाहू लागले. दुसऱ्याला विचारलेले प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारले. हा प्रामाणिकपणा त्यांना महागात पडणार होता.

१४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीत गाजावाजा झाला असता, म्हणून तो जौनपूरला घेतला. नाव ठेवले नहेम्या. बायबलमधील नहेम्याने यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा बांधली. या नहेम्याची मात्र त्या दिवशी सगळी तटबंदी पडली. त्या काळी ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात, नातेवाईक, पंगत, मान हे सर्व एका दिवसात गमावणे. वडिलांच्या दुःखाला पार राहिला नाही. काशीतील मानाचा शास्त्री एका दिवसात परका झाला.

इथे क्षणभर थांबून विचार करू या. माणसाची जात गेली, घर गेले, लहानपणापासूनचे नाव बदलले, लोक आदराने नमस्कार करीत तो नमस्कार गेला. मग उरले कोण? तरीही नीळकंठ उरलेच होते. ज्याने हे सगळे सोडले तो ‘मी’ या सगळ्यांहून वेगळा असला पाहिजे. शास्त्रात शिकलेला प्रश्न आता त्यांच्या अंगावर आला होता.

घरातील दुःख आणि लंडनची निराशा

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सप्टेंबर १८५३ मध्ये त्यांना मुलगी झाली, पण थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई वारल्या. एलन लक्ष्मी हे या मुलीचे नाव. एकट्या बापाला तान्हे मूल सांभाळणे शक्य नव्हते. ती परक्या ख्रिस्ती कुटुंबांत वाढली आणि इंग्लंडला गेली. पुढे ती इंग्रजीतील भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नावारूपाला आली. देवाच्या सहवासात लपून राहण्याविषयीचे तिचे गीत जगभरच्या मंडळ्यांत गायले गेले. १८८० साली ती भारतात परत आली आणि इथेच सेवा करीत १९३७ साली वारली. आईचे नाव तिने आपल्या नावात शेवटपर्यंत जपले.

१८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांना शिकवणारे पंडित म्हणून गोऱ्हे त्यांच्याबरोबर गेले. ज्या देशातून सुवार्ता आपल्याकडे आली, तो देश पाहायला मिळणार म्हणून त्यांनी मोठ्या आशेने प्रवास केला असेल. पण लंडनमध्ये त्यांनी पैशाची धावपळ, दारू, गरिबांची उपेक्षा पाहिली. ऑक्सफर्डचे प्रसिद्ध संस्कृत पंडित मॅक्स म्यूलर यांनी आपल्या आठवणींत गोऱ्हे यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण परत गेलेले बरे, इथपर्यंत त्यांची निराशा गेली होती, असे त्यावरून कळते.

तरी ते परत फिरले नाहीत. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे वागणे एक आणि प्रभू येशू ख्रिस्त एक, हा भेद त्यांनी स्वतःच्या मनाशी पक्का केला. मायदेशी येऊन ते पुन्हा साधेपणाने राहू लागले आणि आपल्या मूळच्या कामाकडे, म्हणजे विचाराकडे वळले.

षड्दर्शनदर्पण : आत्म्याविषयी तीन प्रश्न

१८६० साली त्यांचा मुख्य ग्रंथ ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत प्रसिद्ध झाला. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त या सहा दर्शनांची त्यांनी यात तपासणी केली. दोनच वर्षांनी, १८६२ मध्ये, फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन पंडिताने त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याला छापले. ग्रंथ मोठा आणि कठीण आहे. आपल्यासाठी त्यातील तीन प्रश्न सोप्या शब्दांत समजून घेऊ.

पहिला प्रश्न : आत्मा केवढा आणि कुठे? न्याय दर्शनाचे पंडित असा विचार करतात : जी वस्तू मध्यम आकाराची असते ती भागांची बनलेली असते आणि भागांची वस्तू कधीतरी मोडते. आत्मा तर मोडत नाही. मग तो एकतर अणूएवढा असला पाहिजे किंवा सर्वत्र पसरलेला. अणूएवढा असेल तर डोक्यापासून पायापर्यंतच्या वेदना त्याला कशा कळतील? म्हणून तो सर्वत्र पसरलेला आहे. या हिशेबाने यवतमाळात बसलेल्या माणसाचा आत्मा पुसदला, वणीला, अगदी काशीलाही आहे. पण त्याचे शरीर आणि अणूएवढे मन इथे असल्यामुळे त्याला इथलेच कळते. जैन मत याहून वेगळे. ते म्हणतात, जीव शरीराएवढाच असतो. मुंगीत मुंगीएवढा आणि हत्तीत हत्तीएवढा. रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांच्या मते जीव अणूएवढा आहे. कठोपनिषदात अंगठ्याएवढ्या पुरुषाचा आणि हृदयाच्या गुहेचा उल्लेख येतो.

गोऱ्हे यांना न्यायाचे उत्तर पटले नाही. आरंभ नसणे आणि सर्वत्र असणे ही देवाची लक्षणे आहेत. ती प्रत्येक जीवाला लावली तर निर्माता आणि निर्मिती यांतला फरकच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. न्यायमताप्रमाणे मुक्तीमध्ये आत्म्याला ना दुःख असते, ना सुख, ना जाणीव. मग अशी मुक्ती आणि दगडाचे जिणे यांत फरक कोणता?

दुसरा प्रश्न : दुःख कोणाला होते? सांख्य दर्शन सांगते, आत्मा हा नुसता पाहणारा आहे. सुख, दुःख, निर्णय, पाप, पुण्य हे सारे प्रकृतीचे, बुद्धीचे व्यवहार. आत्मा काही करीत नाही आणि त्याला काही होत नाही. गोऱ्हे विचारतात : मग बांधलेला कोण आणि सुटणारा कोण? आईच्या डोळ्यांतले पाणी तिच्या बुद्धीचे आहे, तिचे नाही, असे म्हणायचे का? चूक करणारा, लाजणारा, क्षमा मागणारा हाच जर ‘मी’ नसेल, तर पश्चात्ताप कोणी करायचा?

तिसरा प्रश्न : जीव हाच ब्रह्म आहे का? अद्वैत वेदान्ताचे उत्तर होय असे आहे. वेगळेपण अज्ञानामुळे भासते. अज्ञान गेले की जीव ब्रह्मच आहे. यावर गोऱ्हे यांचा प्रश्न साधा आणि टोकदार आहे : हे अज्ञान कोणाचे? ब्रह्म शुद्ध ज्ञान आहे, त्याला अज्ञान होणार नाही. जीवाचे म्हणावे, तर अज्ञानाच्या आधीच जीव वेगळा होता असे होते.

या आक्षेपांना त्या त्या दर्शनाच्या अभ्यासकांकडे उत्तरे आहेत आणि हा वाद आजही संपलेला नाही. अद्वैतावरचे हेच प्रश्न आपल्या देशात गोऱ्हे यांच्याही कितीतरी आधी रामानुजाचार्यांनी आणि मध्वाचार्यांनी विचारले होते. आपल्या वारकरी संतांच्या अभंगांतही ऐक्याची ओढ आहे आणि भक्त म्हणून वेगळे राहून देवाचे प्रेम चाखण्याची आवडही आहे. तेव्हा गोऱ्हे यांचा प्रश्न बाहेरून आणलेला नव्हता, तो याच मातीतला होता. त्यांचे लिखाण मात्र त्या काळाच्या पद्धतीप्रमाणे खंडनाचे आहे, कधीकधी कडक आहे. आज आपली ख्रिस्तसभा अशा भाषेत बोलत नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हा त्याचा आशय आहे.

स्वतः गोऱ्हेही वय वाढत गेले तसे मवाळ झाले. हिंदू समाजाला देवाने ख्रिस्तासाठी विशेष रीतीने तयार केले आहे, असे ते उतारवयात मांडू लागले. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा ही मूल्ये आपल्या लोकांना भगवद्गीतेने आणि भागवताने शिकवली, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. तरुणपणी ज्या घरातून ते निघाले होते, त्या घराचे ऋण त्यांनी म्हातारपणी कबूल केले.

धर्मगुरू, उपवासी आणि शंकेखोर

गोऱ्हे यांना १८६८ मध्ये डीकनपदाची आणि १८७० मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले, या वेळी ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संत योहान सुवार्तिक यांच्या नावाच्या संघात. १८६६ मध्ये स्थापन झालेला हा अँग्लिकन पंथातील संन्यस्त पुरुषांचा संघ. प्रार्थना, उपवास, मौन, गरिबी हे तिथले जीवन त्यांना भारतीय वृत्तीला जवळचे वाटले. ते उमेदवार म्हणून संघात राहिले. अखेरची व्रते मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. आपण त्या योग्यतेचे आहोत का, हा संशय त्यांना सोडत नसे.

परत आल्यावर त्यांनी इंदूर, मुंबई, पुणे अशा ठिकाणी सेवा केली. पुण्यामुंबईच्या प्रार्थना समाजाच्या विद्वानांशी त्यांनी वाद घातले, व्याख्याने दिली. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना त्यांच्या मनातील उरलेल्या शंका गोऱ्हे यांच्या लिखाणामुळे दूर झाल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रे कोळून प्यालेल्या त्या विदुषीला तिच्याच तोडीच्या शास्त्र्याचे बोलणे पटले, यात नवल नाही.

पण दुसऱ्यांच्या शंका फेडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या शंका कधीच संपल्या नाहीत. तर्काची धार त्यांनी आयुष्यभर स्वतःवरही चालवली. कधी एखाद्या शिकवणुकीविषयी, कधी स्वतःच्या तारणाविषयी ते अस्वस्थ होत. दिवसेंदिवस मनात अंधार राही. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि सेवा सोडली नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते.

या शंकांचे काय करायचे? त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ‘मी’ स्वतःच ब्रह्म आहे असे ज्याने मानले नाही, त्याला स्वतःच्या आत सगळे सापडेल अशी अपेक्षाही करता येत नाही. आपण लहान आहोत, घडवलेले आहोत, आपला आधार आपल्याबाहेर आहे, असे गोऱ्हे मानत. म्हणून मन खचले तेव्हाही ते देवाला धरून राहिले. स्वतःची पकड सैल झाली तरी देवाची पकड सैल होत नाही, या भरवशावर त्यांनी शेवटची वर्षे काढली.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘मी’ कुठे आहे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचे उत्तर दिले. पेटीत दागिना ठेवावा तसा आत्मा शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवलेला नाही. तो पूर्णपणे सर्व शरीरात आहे आणि शरीराच्या प्रत्येक भागातही पूर्णपणे आहे. म्हणूनच पायात काटा रुतला तर पाय ओरडत नाही, ‘मी’ ओरडतो. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवला तर नुसत्या कपाळाला स्पर्श होत नाही, त्या माणसाला स्पर्श होतो. १३१२ साली व्हिएनच्या परिषदेनेही शरीर आणि आत्मा यांच्या या एकपणाला मान्यता दिली.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ हेच सांगतो. प्रत्येक आत्मा थेट देवाने निर्माण केलेला आहे. तो आईबापांकडून वारशाने येत नाही आणि मरणाने नाश पावत नाही. शेवटच्या दिवशी तो पुन्हा शरीराशी जोडला जाईल. बायबलमध्ये हृदय हा शब्द येतो, तो माणसाच्या अगदी आतल्या ठिकाणासाठी. तिथे माणूस देवाला हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. ‘मी’ म्हणताना आपला हात आपोआप छातीकडे जातो, ते काही उगाच नाही.

म्हणून आपण मृतांची शरीरे आदराने पुरतो. ते शरीर म्हणजे फेकून दिलेला सदरा नव्हे; ज्या माणसावर आपण प्रेम केले त्याचेच ते आहे आणि त्याला पुनरुत्थानाची आशा आहे. आणि म्हणूनच आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. ते नाहीसे झालेले नाहीत, सागरात थेंब विरघळावा तसे विरघळलेलेही नाहीत. देव त्यांना त्यांच्या त्यांच्या नावाने ओळखतो.

आपल्या जिल्ह्यासाठी

बंधुभगिनींनो, हा विचार पंडितांपुरता आहे असे कोणी समजू नये. आपला यवतमाळ जिल्हा कापसासाठी ओळखला जात होता. गेल्या काही दशकांत तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर झाली. त्यानंतरही दुःख संपलेले नाही. त्यामागे पावसाची कारणे आहेत, भावाची आहेत, कर्जाची आहेत. ती दूर करणे हे सरकारचे आणि समाजाचे काम आहे, ते उपदेशाने होणार नाही. पण एक गोष्ट घराघरात घडते आणि ती आपल्या हातात आहे. कर्ज वाढत जाते तसा माणूस स्वतःला कर्ज समजू लागतो. सातबाऱ्यावरचा बोजा त्याच्या जिवावर चढतो. पीक बुडाले म्हणजे मी बुडालो, मुलीचे लग्न लांबले म्हणजे माझी किंमत गेली, असे त्याला वाटू लागते.

गोऱ्हे यांची कथा अशा वेळी आठवावी. त्यांचे घर गेले, जात गेली, मान गेला, पत्नी गेली, मुलगी दूर गेली, मनाची शांतीसुद्धा वरचेवर गेली. ज्या ज्या गोष्टीला लोक ‘मी’ समजतात ती प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातून सुटली. तरी ‘मी’ सुटला नाही, कारण तो त्यांच्या मालकीचा नव्हता. तो देवाने दिलेला होता आणि देवाच्या हातात होता. बँकेच्या वहीतला आकडा माणसाचे कर्ज सांगतो, माणूस किती मोलाचा ते सांगत नाही. ते मोल कालवरीवर ठरले आहे.

आपल्या वस्तीत कोणी गप्प गप्प झाला असेल, मिस्साला येईनासा झाला असेल, जेवणावरून उठून जात असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. उपदेश करू नका. चहा घ्या, बसा, त्याचे ऐका. त्याला नावाने हाक मारा. धर्मगुरूंना सांगा. रात्री-अपरात्री मन फार खचले तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते. आणि ज्यांनी या दुःखात जीव दिला, त्यांच्या तारणाविषयी ख्रिस्तसभा आशा सोडत नाही. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते. २ नोव्हेंबरच्या मिस्सात त्यांचीही नावे असू द्या. त्यांच्या घरच्यांना वेगळी वागणूक मिळणार नाही, याची आपण सर्वांनी काळजी घेऊ या.

प्रार्थना करू या

हे प्रभो, तू आम्हाला घडवले आहेस आणि आम्ही स्वतःला ओळखतो त्याहून अधिक तू आम्हाला ओळखतोस. आमच्याजवळ काय आहे यावरून स्वतःला मोजण्याची आमची सवय मोडून टाक. शंकेच्या रात्री तुला धरून राहण्याचे बळ दे. नीळकंठ नहेम्या गोऱ्हे यांना आणि आमच्या सर्व मृत बंधुभगिनींना तुझ्या सान्निध्यात विसावा दे. आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक खचलेल्या जिवाला आज कोणीतरी नावाने हाक मारो, आणि तो कोणीतरी होण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.